कागदावर हजर

आठवीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी गणिताच्या बाईंनी फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश, आणि विचारलं, "यातला मोठा कुठला?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "एक चतुर्थांश!"

बाईंना आधी वाटलं, पोरी थट्टा करताहेत. मग कळलं, थट्टा नव्हे. दरवर्षी वरच्या वर्गात ढकलल्या जात या मुली इथवर पोचल्या होत्या आणि भागाकार त्यांच्या डोक्यावरून गेला होता. पुस्तकात मात्र पुढचं सगळं मांडून ठेवलेलं, जणू मागचं सगळं येतंच.

"पण बाई, चार तिनापेक्षा मोठा असतो ना?" दुसऱ्या बाकावरची एक काटकुळी मुलगी म्हणाली. तिचं एकही वाक्य 'पण'शिवाय सुरू होत नसे, आणि बोलताना ती कपाळाला अशा आठ्या घाली की वर्गाने तिला 'पणजी' करून टाकलं होतं. तिची स्वतःची आईसुद्धा शाळेच्या फाटकाशी येऊन "आमची पणजी सुटली का?" असं विचारायची.

बाई तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. "मला काही महिने पुस्तक बाजूला ठेवू द्या."

मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. "आणि साहेब तपासणीला आले तर काय दाखवू?"

"पोरी दाखवू," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी उठून खिडकी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "दार लावून शिकवा म्हणजे झालं."

जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापून, घड्या घालून, पुन्हा उलगडून बाईंनी मुलींना तिसरा भाग आणि चौथा भाग हातात दिला. त्यांच्या वर्गात 'चूक' म्हणायचं नाही असा नियमच होता. उत्तर कसंही येवो, बाई म्हणत, "कसं काढलंस ते सांग." पणजी उभी राहून तावातावाने आपलं उत्तर पटवून द्यायला लागे आणि अर्ध्या वाटेत थबकून म्हणे, "पण बाई, थांबा... मी इथेच घसरले." सगळा वर्ग हसे. तीही हसे. नववीत या मुली समीकरणं सोडवायला लागल्या, तेव्हा मोठ्या बाई एकदा दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि दार हलकेच लावून परत गेल्या.

तपासणीचे साहेब आले ते नववीच्या मध्यावर. शेवटच्या बाकावर बसले आणि तास संपला तरी उठेनात. दुसऱ्या वर्गाच्या मुली बाईंना बोलवायला येऊन दाराशी खोळंबल्या होत्या.

"तुमच्यासारखी माणसं आम्ही शोधत होतो," ते बाईंना म्हणाले. "सरकारी शाळांची गुणवत्ता सुधारायची नवी योजना आली आहे. इथे तुम्ही एक वर्ग शिकवता. प्रशिक्षण केंद्रात या, शेकडो शिक्षक शिकवा. गणिताच्या आहात, हिशेब तुम्हीच करा."

त्या दिवशी घरी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टपाल कार्यालयाच्या खिडकीवर बसणारा, शब्द तोलून खर्च करणारा माणूस.

"तुला जायचंय?" त्याने विचारलं.

"वर्ग अर्धा सोडून पाय निघत नाही. पण एवढ्या शिक्षकांना जमलं, तर किती पोरींचं भलं होईल, बघा ना."

"मग जा."

खोटं कशाला, बाईंना बरंही वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांचा तास पुरता ऐकला नव्हता.

निरोपाच्या दिवशी मुलींनी फळ्यावर फुलं काढली. फुलांच्या मधोमध आदल्या दिवशीचं समीकरण तसंच होतं, कुणालाच ते पुसवलं नव्हतं.

"पण बाई, आमचं काय?" पणजीने विचारलं.

"नव्या बाई येतील. माझ्याहूनही चांगल्या."

बाईंना ते खरंच वाटत होतं.

नव्या बाई आल्या नाहीत. महिना गेला, दोन गेले. बाईंनी फोन केला तेव्हा मोठ्या बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला केंद्राने उसनं नेलंय. तुमची जागा इथेच, पगार इथूनच. कागदावर तुम्ही रोज हजर! भरलेल्या जागेवर मला दुसरं माणूस कोण देणार?"

"मग गणित कोण घेतं?"

"शिट्टीसर."

शिट्टीसर म्हणजे कवायतीचे शिक्षक. गळ्यातली शिट्टी जेवतानाही न काढणारे. मनाने लाख माणूस, पण बेरीजसुद्धा बोटांवर करणारे.

केंद्रातलं कामही त्यांना वाटलं होतं तसं नव्हतं. लांबलचक दालन, पडद्यावर सरकणारी मजकुराची पानं, आणि ती पानं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वाचून दाखवायची. पहिल्या खेपेला बाईंनी कागदाच्या पट्ट्या काढल्या, तर केंद्राचा व्यवस्थापक कानाशी येऊन कुजबुजला, "बाई, पट्ट्या वेळापत्रकात नाहीत." समोर बसलेले शिक्षक दमलेले असत. कुणी मोबाइलमध्ये, कुणी झोपेत. एकदा पिकल्या केसांचे एक मास्तर उठून म्हणाले, "मुलाला विचार करू द्या, हे पटलं. पण मी आत्ता इथे बसलोय, तर माझ्या वर्गावर कोण आहे?"

दालन खो खो हसलं. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर रांगांवरून फिरली. एवढं मोठं दालन भरलं होतं, म्हणजे तेवढेच वर्ग आज मास्तरांवाचून बसले होते.

बाई साहेबांकडे गेल्या. "मला माझ्या शाळेत परत पाठवा."

"योजनेचं वर्ष पुरं होऊ द्या," साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला. "तुम्हीच गेलात तर केंद्रात उरतं कोण?"

वर्ष पुरं झालं आणि योजनेला मुदतवाढ मिळाली.

दुसऱ्या वर्षी प्रशिक्षणाचा वर्गावर काय परिणाम झाला ते पाहायला म्हणून बाईंनाच शाळाशाळांतून फिरायला सांगितलं, आणि त्यांच्या वाट्याला त्यांचीच शाळा आली. मुली आता दहावीत होत्या. शिट्टीसर वर्गाकडे पाठ करून, हातातल्या मार्गदर्शकातून फळ्यावर उत्तरं उतरवत होते, मुली फळ्यावरून वहीत उतरवत होत्या. खडूच्या आवाजाशिवाय वर्गात आवाज नव्हता. बाईंना पाहून मुली उभ्या राहिल्या. कुणी "बाई!" म्हणून ओरडलं नाही.

तास संपल्यावर शिट्टीसर व्हरांड्यात आले. त्यांचे डोळे भरले होते.

"बाई, शिव्या घाला मला. पोरी विचारायच्या, सर हे असं का? मला येत असेल तर सांगेन ना! मग मी ओरडायचो. आता विचारत नाहीत."

"दुसऱ्या बाकावरची कुठे आहे? पणजी?"

"तिने शेवटपर्यंत विचारलं," सर म्हणाले. "एकदा मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. तासभर. त्यानंतरही यायची, पण खिडकीतून बाहेर बघत बसायची. सहामाहीत गणितात नापास झाली. बाप म्हणाला, बस झालं."

ती कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. बाई पत्ता विचारत गेल्या. जिन्यावर कापडाचा भुगा साचलेला, वर एका लांब खोलीत बायका आणि मुली मांडी घालून बसलेल्या, शिवून आलेल्या सदऱ्यांचे उरलेले दोरे कात्रीने कापत होत्या. पणजीने मान वर केली. ओळख पटायला क्षणभर लागला. मग ती उठली आणि आधी बाईंना बसायला स्टूल दिलं.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे, बाई. पण तुम्ही दमलेल्या दिसता."

बाईंना तिथे रडायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "रविवारी माझ्याकडे येत जा. बाहेरून परीक्षेला बसता येतं. मी करून घेते तुझं गणित."

"पण बाई..." तिने मुकादमिणीकडे पाहिलं. "आईला विचारते."

पणजी आली. पहिल्या रविवारी दोघींनी मागचं उकरून काढलं. बरंचसं तिला आठवत होतं आणि जे आठवत नव्हतं त्यावर ती पूर्वीसारखी भांडली. बाईंचा नवरा बाजारातून आला, तर स्वयंपाकघरातून हसणं ऐकू येत होतं. तो दाराशीच थांबला, पिशवी तशीच हातात धरून. पुढच्या रविवारी ती उशिरा आली. त्याच्या पुढच्या रविवारी चटईवर बसून, उदाहरण अर्धं सोडवून, तिने भिंतीला डोकं टेकवलं ते उचललंच नाही. कात्रीने तिच्या अंगठ्यापाशी घट्टा पडला होता. बाईंनी तिला उठवलं नाही. दिवेलागणीला ती दचकून जागी झाली, "किती वाजले?" म्हणत चपला पायात सरकवून पळाली.

नंतर तिची आई येऊन गेली. पदराला हात पुसत उंबऱ्यातच उभी राहिली.

"रविवारचंही काम लागलंय हो बाई. नाही म्हटलं तर काढून टाकतात. ती रडली. म्हणाली, बाईंना तू सांग, मला सांगवणार नाही."

"मी बोलू का कारखान्यात?"

"नको," आई घाबरून म्हणाली. "तुमचे उपकार आहेत. पण तिच्यामागे अजून दोघी आहेत. त्यांची तरी शाळा होऊ दे."

बाईंनी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला, आणि या वेळी चहा घेतला नाही. "परत पाठवणार नसाल तर राजीनामा समजा." त्या पुन्हा आपल्या शाळेत रुजू झाल्या, तोवर दहावीची परीक्षा होऊन गेली होती. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली गणितात नापास झाल्या. निकालाच्या दिवशी शिट्टीसर मैदानाच्या कडेला एकटेच बसून राहिले. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मी गेले नसते तर," त्या रात्री जेवताना बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

नवऱ्याने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "गेली नसतीस तर त्या शिकल्या असत्या," तो म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. बाईंना वाटलं, आज तेवढं एकदा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर पणजी त्यांना एकदाच भेटली, संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर, मैत्रिणींच्या घोळक्यात. तिने लांबूनच हात हलवला. बाई रस्ता ओलांडेपर्यंत थांबलीही. पण घोळका पुढे निघाला होता, कुणीतरी तिला हाक मारली, आणि "येते हं, बाई," म्हणून ती त्यांच्यामागे धावली.