माती, कवेलू

"थांब बे बंडू! अन् हे न्हानी कोन मोजीन? तुहा बाप?"

मनकर्णाने टेपचं टोक बंडूच्या हातातून ओढून घेतलं आणि घरामागच्या न्हाणीच्या भिंतीला अंगठ्याने दाबून धरलं. ग्रामपंचायतीत वीस वर्षं शिपाईगिरी केलेला बंडू टेपचं दुसरं टोक धरून नुसता पाहत राहिला.

"मावशी, न्हाणी धरली तर घरपट्टी वाढते," तो म्हणाला.

"वाढू दे. तुह्या खिशातून जाते का?"

घराच्या आकारणीला निघून आठवा दिवस होता. आठ दिवसांत पौर्णिमाने एक गंमत पाहिली होती. टेप दिसला की गावातली घरं अंग चोरून घेत. ज्या खोलीत टीव्ही चालू असे तिला घरमालक गोठा म्हणत, आणि वरच्या मजल्याकडे बोट केलं की तिथे म्हणे फक्त कडबा ठेवतात. आणि आज हे एक दोन खोल्यांचं घरकुल, जे छाती फुगवून उभं होतं. पाच वर्षं कापूस वेचून, निंदणं-खुरपणं करून मनकर्णाने सरकारच्या हप्त्यात स्वतःची भर घातली होती, तेव्हा कुठे त्यावर स्लॅब पडला होता. बंडू आकडे सांगत होता, ग्रामसेवक योगेश लिहीत होता आणि मनकर्णा भिंतीवरून हात फिरवत स्वतःशीच गुणगुणत होती,

"भितीले देला चुना, दारी काढली रांगोयी,
माह्या घामाची वं बाई, घर घालून बसलं चोयी."

पौर्णिमाला ऐकून भरून आलं. सरपंच होऊन तिला दोन वर्षं झाली होती. जागा बाईसाठी राखीव निघाली आणि वामनरावांची सून म्हणून गावाने तिला बिनविरोध निवडून दिलं. सासऱ्याने पंधरा वर्षं सरपंचकी केली आणि गावच्या पैशाचा चहासुद्धा प्याला नाही, असं लोक म्हणत. त्या पुण्याईच्या सावलीत आपण उभ्या आहोत हे ती जाणून होती. म्हणून तिला वाटलं, या बाईचं तरी थोडं भलं करावं.

"मावशी," ती जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "टिनाचं लिहून देऊ का? पट्टी कमी बसेल."

मनकर्णाने गुणगुणणं थांबवलं.

"बाई, टिनाखालीच जल्म गेला माहा. उन्हायात भाकरीवानी भाजलो, पावसायात सारी रात गंजं मांडली गयतीखाली. आता सिलॅप पडला तं टिन काहून लिवता?"

"तसं नाही, मावशी, मी आपलं..."

"तुमीच सांगतलं नं गिरामसभेत? वरून येते तो पैसा बांधाले येते, पन मोटर जयली तं ते आपल्याच पट्टीतून नीट होते. सांगतलं का नाई?"

सांगितलं होतं. उन्हाळ्यात नळाची मोटर जळाली होती आणि दुरुस्तीपुरतेही पैसे पंचायतीच्या खात्यात नव्हते. अकरा दिवस बाया विहिरीवर गेल्या. त्यानंतरच्या ग्रामसभेत पौर्णिमा पोटतिडकीने बोलली होती. पट्टी चुकवणारा गावाच्या तोंडचं पाणी चोरतो, असंही बोलून गेली होती. मागे बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"मंग?" मनकर्णा योगेशकडे वळली. "लिव गा दादा. यायच्या घराले जसं लिवलं, तसंच माह्या घराले लिव. सरपंचीन बाईचं सिलॅपचं, माहंबी सिलॅपचं. पट्टीबी तशीच लाव."

योगेशचा पेन थांबला. बंडूने टेप गुंडाळायला घेतला. तो गुंडाळून झाला तरी त्याने मान वर केली नाही.

"काय झालं?" पौर्णिमाने विचारलं.

"काही नाही, ताई. पुढच्या घरी जाऊ."

तिने रजिस्टर त्याच्या हातातून घेतलं आणि मागची पानं उलटली. सासऱ्याचं नाव पहिल्याच पानावर होतं. नावापुढे वळणदार, जुन्या शाईच्या अक्षरात लिहिलं होतं: माती, कवेलू. म्हणजे मातीच्या भिंती, वर कौलं. त्याखाली दर आकारणीला वेगवेगळ्या हातांनी तेच उतरवून घेतलेलं. तिच्या डोळ्यांसमोर घर उभं राहिलं. दुमजली, दाराशी संगमरवरी पायऱ्या, गच्चीवर सौर हीटर. कवेलू तिने त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

तिने पानावर तळहात ठेवला. उघड्यावर पडलेलं काही झाकावं तसा.

"जुनी नोंद आहे," योगेश पुटपुटला. "मी अकोल्याहून बदलून आलो तेव्हापासून अशीच आहे. मोठ्या साहेबांचं घर, म्हटलं आपण कसं..."

"काय लिवलं व्हय?" मनकर्णाने मान पुढे करून विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"पक्कं लिहिते मावशी तुमचं," पौर्णिमा म्हणाली.

"तुमच्यावानीच नं?"

"हो."

मनकर्णा हसली. तिने घरात जाऊन गुळाचा खडा आणला आणि तिघांच्या हातावर ठेवला. पौर्णिमाच्या तोंडात तो कितीतरी वेळ विरघळला नाही.

*

संध्याकाळी तिने सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढली आणि उभ्या उभ्याच विषय काढला,

"मामाजी, आपल्या घराची नोंद पाहिली आज."

वामनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. ठेच्याला लावला. तोंडापर्यंत नेला नाही.

"मातीचंच होतं तवा," ते म्हणाले. "खोटं नोयतं लिवलं."

"तेव्हा नव्हतं. पण हे घर बांधूनही चोवीस वर्षं झाली."

"बांधलं त्या साली म्याच सरपंच होतो. तवाचा गिरामसेवक म्हने, राहू द्या साहेब, तुमाले कोन इचारते. म्या हो म्हनलं नाई."

"नाही म्हणालात का?"

पलीकडे खुर्चीवर नितेश, तिचा नवरा, मोबाईल पाहत होता. तो मान न उचलता म्हणाला,

"सारं गाव तसंच लिवते, पौर्णिमा. अन् पट्टीवर काय चालते पंचायत? वरून येते नं पैसा कोटीनं. पुढच्या आकारणीले पाहू. यंदा काहून वाकडं काढते?"

"चार वर्षांनी?"

"मंग? बाबाची उमर पाह्य."

वामनरावांनी हातातला तुकडा पुन्हा ताटात ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते ते.

"म्या गावचा चहाबी नाई पेलो, बाई," ते म्हणाले. कोणाला सांगत होते ते कळलं नाही. "एक खेप नाई. इचार कोनालेबी."

ते खरंच होतं. म्हणूनच तिला पुढे काही विचारता आलं नाही. ते ताटावरून उठले. हात धुताना पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

सकाळी ते पारावर गेले नाहीत. रोज सात वाजता काठी टेकत निघणारा माणूस आतल्या खोलीत पलंगावर पाय खाली सोडून बसला होता. फटफटीचा आवाज आला तसं त्यांनी आतूनच विचारलं,

"योगेश आला का वं?"

योगेश अंगणात उभा होता. आकारणीची यादी आज पूर्ण करून फलकावर लावायची होती.

"ताई," त्याने बूट न काढता विचारलं, "आपल्या घराचं काय लिहू?"

आतली पलंगाची करकर थांबली. पौर्णिमाने दाराच्या चौकटीला हात लावला. सागवानी चौकट, गुळगुळीत. आपण म्हाताऱ्याच्या अब्रूसाठी बोलतो आहोत, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि सांगता सांगताच तिला कळलं की त्यात स्वतःचीही थोडी आहे.

"आहे तसंच," ती म्हणाली.

योगेशने मान हलवली. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

*

यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. कोणाची हरकत असेल तर महिनाभरात लेखी द्यावी, अशी खाली ओळ होती. पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा पंचायतीत शिरत असतानाच मनकर्णाने तिला दारात गाठलं. धुवट हिरवं लुगडं, तेल लावून चापून बांधलेले केस. तालुक्याला लग्नाला निघाल्यासारखी.

"बाई, माहं नाव लागलं म्हनते. वाचून दाखवता का?"

पौर्णिमाने बोट ओळीओळीवरून खाली नेलं. "हे पाहा. मनकर्णा. घर पक्कं, स्लॅब. न्हाणीसह."

"न्हानीसुद्दा!" मनकर्णाने तोंडावर पदर घेतला. "अजून एकडाव वाचा."

पौर्णिमाने पुन्हा वाचलं. मनकर्णाने ज्या ओळीवर बोट होतं ती ओळ स्वतःच्या बोटाने चाचपली, बाळाच्या टाळूला हात लावावा तशी.

"अन् तुमचं कुठं हाय?"

"वर आहे."

"वाचा नं. दोघीचं संगंच आयकतो."

मनकर्णाला काय कळणार होतं? पक्कं, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो पौर्णिमाच्या जिभेवर आलाही. पण समोरचं तोंड असं उजळलेलं होतं की त्या तोंडावर तो शब्द टाकणं तिला जमेना.

"वामनराव," तिने वाचलं. "माती. कवेलू."

मनकर्णाला आधी वाटलं, ओळ चुकली. तिने पौर्णिमाच्या बोटाकडे पाहिलं. मग मान वळवून निंबाच्या शेंड्यावरून दिसणाऱ्या त्या दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग पुन्हा पौर्णिमाकडे. पौर्णिमा वाट पाहत होती. ही आता हसेल, नाहीतर शिव्या घालेल, नाहीतर ग्रामसभेतलं वाक्य जसंच्या तसं परत तोंडावर मारेल. काहीही चाललं असतं.

"हळू वाच वं माय," मनकर्णा अगदी हलक्या आवाजात म्हणाली. आजवर ती तिला अहोजाहो करत आली होती. "लोक येऊन राहिले."

पाराकडून खुशालराव चष्मा पुसत येत होते. गावातल्या प्रत्येक कागदावर ज्यांची हरकत असते ते खुशालराव. त्यांच्या मागे आणखी दोघं. मनकर्णा सरकली आणि फलकाला पाठ लावून उभी राहिली, बरोबर पहिल्या ओळींवर. पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर पसरून घेतला.

"सरक वं मनकर्णे, पाहू दे," खुशालराव म्हणाले.

"थांबा नं भाऊ! माहं नाव पाहून राहिली मी."

"पाठीनं पाहते का?"

मागचे दोघं हसले. मनकर्णाही हसली, पण हलली नाही.

"मावशी, सरका," पौर्णिमा म्हणाली.

पण आवाज तिच्या तिलाच ऐकू जाईल एवढाच निघाला.