फेसाळ हातांचं भांडण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. मांडीवर बसावं म्हणून मला घडवलं, पण माझा सगळा संसार झाला तो शिलाई मशीनच्या टेबलावर. त्याआधी काही वर्षं मी एका ऑफिसात बैठकांचे तक्ते दाखवत होतो. तेव्हा माझं कौतुक होतं. पुढे बिजागरी सैल झाली, पंखा घरघरू लागला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथल्या एका कारकुनाने मला उचललं आणि आपल्या धाकट्या बहिणीला दिलं.

तिशी उलटली तरी घरात सगळे तिला छकुलीच म्हणत. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती लोकांचे कपडे उसवून, बेतून, शिवून द्यायची आणि हातांच्या खुणांनी बोलायची. माझा पंखा कितीही कुरकुरला तरी तिची तक्रार नसे!

छकुलीला लघुपट करायचे होते. "पडद्यावर आमच्यासारखी माणसं येतात ती रडायला, नाहीतर शेवटी बरी व्हायला," असं ती एकदा दादाला खुणांनी म्हणाली. म्हणून तिने पटकथा शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. सर माझ्या पडद्यावरून शिकवत आणि त्यांचं बोलणं खाली आपोआप अक्षरांत उमटे. म्हणजे, उमटायला हवं होतं. सर म्हणत 'कथानक', खाली येई 'कथा नको'. 'पात्राची निवड' म्हटलं की 'पत्र्याची निवड'. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण तिला सांगणार कसं? माझा जीव नुसता तापायचा.

तरीही ती शिकली. मनातलं लिहायचं नाही, दिसेल तेच लिहायचं, हे तर तिला लगेच उमगलं. तिने दोन बहिणींची गोष्ट लिहिली. दोघींनाही ऐकू येत नाही. आईला कुणी सांभाळायचं यावरून भांडी घासता घासता त्यांची जुंपते. प्रत्येक शब्दाबरोबर फेस उडतो. शेवटी थोरली आपले हात पाण्यात बुडवते आणि वर काढतच नाही.

सरांनी वाचून विचारलं, "छान आहे, पण संवाद कुठे आहेत?"

छकुलीने टाइप केलं, "हातांत."

"आणि शेवटी सगळं शांत?"

"शांत नाही. थोरलीने बोलणं तोडलं."

"अहो, पण प्रेक्षकाला कळणार कसं? एखादी ऐकू येणारी शेजारीण घाला. ती समजावून सांगेल."

तेवढ्यात वर्गातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "बिचारी." एरवी सगळं चुकवणाऱ्या त्या अक्षरांनी नेमका हा शब्द बिनचूक पकडला. छकुलीने तो वाचला. तिने माझं झाकण असं आपटलं की माझी उरलीसुरली बिजागरीही गेली.

पण एका स्पर्धेत निवड झालेल्या पटकथेवर लघुपट निघणार होता, आणि शिफारस सरांची लागणार होती. छकुलीने मन मारून शेजारीण लिहिली. ती बाई दारातून आत आली आणि अख्खी गोष्टच बळकावून बसली! बहिणी नुसत्या भांडी घासत राहिल्या. इकडे छकुलीची आई टेबलावर थाप मारून तिला हाक देई आणि हातवारे करी, "अगं, गिऱ्हाईक दारात उभं आहे! किती वेळा तेच तेच लिहिशील?" छकुली पुसायची, लिहायची, पुन्हा पुसायची. पुसायचं बटण शेवटी निखळून पडलं.

अखेर तिने शेजारणीला हाकललं आणि स्पर्धेला मूळची गोष्टच पाठवली. नकार आला, 'संवाद अपुरे.' ती खूप रडली. नंतर तिने आपल्या एका मैत्रिणीला बोलावलं, तिच्यासमोर दुसरी बहीण म्हणून स्वतः उभी राहिली आणि चित्रण करायला दादाच्या हाती फोन दिला. दादाने दोनदा बोट भिंगावर ठेवलं, त्याबद्दल खुणांनी शिव्याही खाल्ल्या.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी तिने तो लघुपट दाखवला. मी धापा टाकत चालवला. संपल्यावर सर म्हणाले, "पुन्हा लावता का? मी टिपण करायला खाली बघितलं आणि भांडण कुठच्या कुठे गेलं."

तिने पुन्हा लावला. या वेळी सरांनी पेन हातात घेतलं नाही.

"शेवट कळला," ते म्हणाले, "अंगावर आला. मधलं मात्र अजून नीट कळलं नाही."

छकुलीने लिहिलं, "मधलं मला अजून नीट लिहिता येत नाही. पण शेजारीण घालणार नाही."

मित्रांनो, आता मी भिंतीला टेकूनच उभा राहतो, आणि वायर काढली की डोळे मिटतो. मला जपा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस भरत आले. पण कुणी हातांनी बोलत असेल, तर त्याचं बोलणं पुरं होईस्तोवर मान खाली घालू नका. पापणी लवली तरी एखादा शब्द जातो.