तीन मजली केक आणि क्लचमधली मी

मी एक स्प्रिंग बोलतेय. गादीतली नव्हे, पेनातलीही नव्हे. एका डिलिव्हरी व्हॅनच्या क्लच प्लेटमधली. उंची बोटभर, पण अंगात रग भरपूर!

जाड तार पिळून मला घडवलं आणि पाच बहिणींसोबत एका तबकडीत गोल बसवलं. आमच्या एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स. लोकांना वाटतं, इंजिन एकसारखं फिरतं. कसलं एकसारखं! आत एकामागून एक स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटाला एक हिसका बसतो. तो आम्ही सहाजणी अंगावर घेतो, दबतो आणि गिअरबॉक्सकडे हळुवारपणे सोडतो. दोन भांडखोर शेजाऱ्यांच्या मधल्या खोलीत राहावं, तसं आमचं जगणं.

मालक भेटला तोही नमुनेदार. बायको घरी केक करायची, हा पोहोचवायचा. केक हलू नये म्हणून पठ्ठ्या गाडी मुंगीच्या पावलानं न्यायचा आणि तीही टॉप गिअरमध्ये! बायकोनं त्याचं नावच 'सावकाश' ठेवलं होतं. इंजिनचा आवाज कमी म्हणजे धक्के कमी, हा त्याचा ठाम समज.

होत होतं नेमकं उलटं. इंजिन इतकं मंद फिरलं की एकेक हिसका दणकून बसतो. आम्ही पार टोकापर्यंत दबायचो, तरी पुरं पडायचं नाही. अख्खी गाडी थरथरायची आणि केकवरच्या आयसिंगला तडे जायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असे दोन केक परत आले. ते रोज घेणाऱ्या हॉटेलवाल्यानं निक्षून सांगितलं, "तिसराही तडकला, तर मी दुसरीकडून घेणार." मालकाच्या बायकोचं, म्हणजे आमच्या बाईंचं, सगळं काम त्या एका हॉटेलवर चालायचं.

तिसरा केक तीन मजली होता. बाई स्वतः मागे बसल्या, केकच्या पाटाला दोन्ही हातांनी धरून. वाटेत सावकाशची आत्या पुढच्या सीटवर चढली. ती गॅरेज चालवायची.

"अहो, जरा हळू!" मागून आवाज आला.

"अगं, याहून हळू म्हणजे थांबणंच!"

आत्यानं गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला. "अरे, गाडीला झेपत नाहीये. दुसऱ्यावर टाक."

"आत्या, आवाज वाढेल!"

"वाढू दे की! तुला केक पोहोचवायचाय की गाडीला झोपवायचंय?"

सावकाशनं घाबरतच गिअर खाली टाकला. इंजिन गुरगुरलं. हिसके भराभर येऊ लागले, पण इतके बारीक, की आम्ही सहाजणींनी ते हसतहसत झेलले. बाई म्हणाल्या, "अगंबाई, थरथर थांबली की हो!"

हॉटेलवाल्यानं चष्मा चढवून केकभोवती दोन फेऱ्या मारल्या. तडा काही सापडेना. शेवटी म्हणाला, "उद्या दोन पाठवा."

बाई तिथल्याच पायरीवर मटकन बसल्या आणि सावकाशचा हात धरून रडता रडता हसू लागल्या.

आता मी थोडी सैल झालेय. आत्या लवकरच नवी प्लेट बसवील, बसवू दे. तुम्हाला एकच विनवणी: गाडी थरथरली, तर गिअर खाली उतरवा. आत अंधारात कुणीतरी तुमचे हिसके सोसत असतं. आणि मी सोसले, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. त्या दिवशी केक अखंड पोहोचला!