पुड्याची मागची बाजू

भिंगकाकांच्या हातून चूक झाली! सकाळच्या चहाआधी ही बातमी छापखानाभर झाली, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही.

हा छापखाना पुस्तकांचा नव्हे. इथे छापतात ते खाण्याच्या पुड्यांचे कागद, बाटल्यांची लेबलं, औषधांच्या खोक्यांवरची मुंगीएवढी अक्षरं. यंत्रावर जाण्याआधी त्यातलं अक्षर न् अक्षर तपासायचं काम चौतीस वर्षं एकाच माणसाकडे. खिशात सदा भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. एखादा स्वल्पविराम निसटला तरी काका लेबल परत पाठवत आणि वर ऐकवत, "डोळे काय नुसते मिटायला दिलेत?"

आणि अशा माणसाने लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं लेबल तपासलं, पुढे पाठवलं, आणि त्यात तीन मिलीच्या जागी आठ मिली तसंच राहून गेलं! मशीनमास्तरच्या घरी लहान मूल होतं, तेच औषध त्याने आदल्या दिवशी पाजलं होतं, म्हणून त्याच्या लक्षात आलं. नाहीतर काय झालं असतं, विचारही नको.

मालक भला माणूस. तो ओरडला नाही. "काका, आधी डोळे दाखवून या," म्हणाला. "तोवर लेबलं दुसरं कुणीतरी बघेल. तुम्ही गोदामात कागदाच्या गठ्ठ्यांवर लक्ष ठेवा." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुल्यांत थेंब घातले, यंत्रातून बराच वेळ पाहिलं, रक्ततपासणीचे कागद चाळले.

"आजोबा, डोळ्याच्या पडद्यावर सूज यायला लागलीय. तुमची रक्तातली साखर खूप वर आहे. अजून वेळ गेलेली नाही. औषधं चालू ठेवायचीच, पण खाण्यातली साखर आवरा. सहा महिन्यांनी बघू. नाही आवरली तर बारीक अक्षरं कायमची विसरावी लागतील."

"पण मी साखर खातच नाही हो!" काका कळवळून म्हणाले. "मधुमेह कळल्याला सात वर्षं झाली. चहासुद्धा बिनसाखरेचा!"

"मग तुमच्या वाटची खातंय कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

घरी येताना बसच्या पाट्या काकांना धड दिसेनात. थेंबांमुळे तसं होणार हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण काका घाबरायचे ते घाबरलेच. अक्षरं गेली तर आपल्याजवळ उरतं काय? एकसष्ट वर्षांच्या माणसाने दुसरं काय शिकायचं?

घरी काकूंनी ऐकलं आणि त्या उसळल्याच. "ही कुठली डॉक्टर? आमच्या घरात साखरेचा डबा कपाटावर चढवून ठेवलाय मी! पाहुणे आले तरच खाली येतो. तुम्हाला सकाळी ती मधुमेहवाल्यांची बिस्किटं देते, अकरा वाजता फळांचं दही, दुपारी हलकं म्हणून पाकिटातलं सूप आणि ब्राऊन ब्रेड. मांसमच्छी तर तुमची साठी झाली तेव्हाच कमी केली. आणखी काय पथ्य करायचं माणसाने?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मंडळी, काकूंचं चुकलं काय? तुमच्याआमच्या घरात हेच चालतं. माणूस साठीला आला की आपण मायेने त्याच्या ताटातलं भरीव ते काढतो आणि मऊमऊ, पाकीटबंद ते वाढतो. भेटायला जातानाही हातात बिस्किटांचा पुडा! म्हाताऱ्यांना हलकंच बरं, असं कुणी कधी ठरवलं देव जाणे.

त्या रविवारी काकांची थोरली बहीण आली. वय बहात्तर. चाळीस वर्षं रुग्णालयात नर्स होती, आणि निवृत्त होऊनही आवाज वॉर्डातलाच. तीन मजले चढून आली तरी तिला धाप लागली नव्हती. धाकट्या भावाचं तोंड पाहून तिने पिशवी ठेवली आणि म्हणाली, "काय रे धाकट्या, मेलेल्या कोंबडीसारखा चेहरा का केलायस?"

सगळं ऐकून घेतल्यावर ती उठली ती थेट स्वयंपाकघरात. कपाट उघडलं, एकेक वस्तू काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. सूपची पाकिटं, सॉसची बाटली, फळांच्या दह्याचे कप, ब्रेड, डब्यातला फळांचा रस, आणि पुढ्यात मधुमेहींच्या बिस्किटांचा हिरवा पुडा. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वेगळी साखर घातलेली नाही'.

"आता मागची बाजू वाच," ताईने पुडा भावाच्या हातात दिला.

काकांनी भिंग काढलं आणि सवयीने वाचायला लागले, "परवानगी असलेला वास, मीठ, खाण्याचा सोडा..."

"थांब थांब! शेवटापासून का वाचतोस?"

"आमच्या धंद्यात असंच वाचतात, ताई," काका जरा ऐटीत म्हणाले. "सरळ वाचलं की अर्थ लागायला लागतो, आणि अर्थ लागला की डोळा पुढे पळतो, चूक निसटते. मला काम शिकवणारे म्हणायचे, अर्थात अडकलास की संपलास! शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत, एकेक सुटा शब्द बघायचा. चौतीस वर्षं मी असंच वाचलं."

"म्हणजे चौतीस वर्षं तू काही वाचलंच नाहीस," ताई म्हणाली. "आज पहिल्या शब्दापासून वाच. मोठ्याने."

काकांनी घसा खाकरला. "मैदा. माल्टोडेक्स्ट्रिन. ग्लुकोज सिरप. तेल. फळांचा आटवलेला रस. माल्टचा अर्क..."

"घटक कुठल्या क्रमाने लिहितात, ठाऊक आहे?"

"न ठाऊक असायला काय झालं? जे सगळ्यात जास्त ते आधी. नियम पाठ आहे मला."

"मग दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरावर कोण बसलंय? ते सिरप म्हणजे साखरेचा पाक. तो रस आटवला की उरते ती साखरच. माल्टही गोड. आणि ते माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला गोड लागत नाही, पण पोटात गेलं की साखरेसारखंच धावतं. एका पुड्यात चार नावांनी तीच! साखरेचा डबा तुम्ही कपाटावर चढवलात, वहिनी, आणि ही बया मागच्या दाराने घरात शिरून बसलीय."

काकांनी सॉसची बाटली उचलली. पहिला टोमॅटो, दुसरी साखर! सूपचं पाकीट. मक्याचं पीठ, साखर! दह्याचा कप. दूध, साखर! मग त्यांनी तो हिरवा पुडा पुन्हा भिंगाखाली धरला आणि शिवणीजवळचा कोपरा शोधला. काकांचा छापखाना तिथे आपल्या नावाशेजारी तपासणाऱ्या कामगाराचा बारीकसा क्रमांक टाकतो, म्हणजे चूक निघाली तर कुणाची ते कळतं. तिथे सात होता.

"सात म्हणजे मी!" काका ओरडलेच. "हा पुडा मीच तपासलाय! यातला स्वल्पविराम चुकला म्हणून मी दोनदा परत पाठवला होता, ताई! दोनदा! आणि सात वर्षं हाच पुडा पथ्य म्हणून खातोय!"

ते खुर्चीत बसले आणि रडायलाच लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! जगाच्या पुड्यावरची टिंबं शोधणाऱ्याला स्वतःच्या ताटातलं विष दिसलं नव्हतं.

ताईने त्यांना थोडं रडू दिलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत ती एवढं शिकली होती, की माणूस रडत असताना उपदेश करायचा नसतो. मग तिने सांगितलं, "अरे, मी काय मोठी शहाणी होते? त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मीही चहात बिस्किटं बुडवून जगले. जिना चढताना कठडा सोडवत नव्हता. मग बदललं सगळं. सकाळी अंडी. दुपारी मासे नाहीतर कोंबडी. कधी मटण. सोबत हिरवी भाजी. कोंबडीच्या मागे बारीक अक्षरात काही छापलेलं असतं का? नसतं! जे खातोय ते समोर दिसतं. पोट भरतं, दर दोन तासांनी जीभ वळवळत नाही, अंगात ताकद राहते."

"अहो पण वन्सं, या वयात मांस?" काकू चाचरत म्हणाल्या. "पचेल का? यांची खालची दाढही नाही. आणि लोक म्हणतील, म्हातारपणी जीभ सुटली!"

"लोक डोळ्यांत थेंब घालायला येणार आहेत का, वहिनी? दाढ नाही तर खिमा करा, मासा मऊ असतो. मात्र माझ्या सांगण्यावर काही करू नका. उद्या डॉक्टरकडे जा, मूत्रपिंडं तपासून घ्या, गोळ्यांचं विचारा. खाणं बदललं की गोळ्यांचं मापही बदलावं लागतं. ते त्यांनीच ठरवायचं."

नेहमीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. घरी रोज साखर मोजायला सांगितलं, आणि ताईचा बेत ऐकून म्हणाले, "चालेल, पण भाजी सोडू नका, आणि तेलकट-खारवलेलं मांस नको."

पहिला आठवडा सोपा गेला नाही, उगाच खोटं कशाला सांगू? चौथ्या दिवशी काकांचं डोकं भणभणलं. पाचव्या दिवशी ते काकूंवर विनाकारण खेकसले. सहाव्या दिवशी गोदामात कुणीतरी वाढदिवसाचा केक आणला आणि काकांनी दोन तुकडे हाणले. घरी येऊन कबूलही केलं, कारण भिंतीवरच्या कागदावर रोजच्या साखरेचा आकडा लिहायचा होता आणि तो आकडा खोटं बोलेना. दोनशे ऐंशी!

काकूंनी सगळ्या आठवड्याचे आकडे एकाखाली एक वाचून दाखवले. अंडी-माशांचे दिवस कुठे आणि हा केकचा दिवस कुठे, ते आंधळ्यालाही कळलं असतं. काका म्हणाले, "उद्या मासे आणशील का?"

काकूंनीही मग कंबर कसली. बाजारात जाऊन मासळीवालीशी मैत्री केली, काटे काढायला शिकल्या, सॉसऐवजी घरीच टोमॅटो वाटायला लागल्या. एकदा दुकानात त्या सूपच्या पाकिटाची मागची बाजू वाचत उभ्या राहिल्या, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, घ्यायचं असेल तर घ्या, हे काय वाचनालय आहे?" काकूंनी पाकीट जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचलं म्हणून तर घेत नाहीये!"

तिसऱ्या महिन्यात काकांचा पट्टा दोन भोकं आत आला. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी स्वतःहून एक गोळी कमी केली. गोदामातला गठ्ठा उचलताना काकांनी कुणाला हाक मारली नाही, हे पहिल्यांदा मशीनमास्तरच्या लक्षात आलं. पण डोळ्यांचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. काका भिंग कपाटात ठेवून मुद्दाम काहीच वाचत नव्हते. वाचलं आणि दिसलं नाही तर? ती भीती त्यांनी काकूंनाही सांगितली नाही.

सहा महिने झाले. काकू बरोबर गेल्या, ताईही गेली. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं, पुन्हा बघितलं, मग तक्त्याकडे बोट केलं. "वाचा."

काकांनी वरची मोठी ओळ वाचली. मधली वाचली. खालची वाचली. काकूंनी पदराचा बोळा घट्ट धरला होता.

"बास, झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"झालं कुठे? त्याच्याखाली अजून एक ओळ आहे," काका म्हणाले. "अगदी तळाशी. छापखान्याचं नाव आणि तक्ता कुठल्या वर्षी छापला ते."

डॉक्टरीणबाई उठल्या, तक्त्यापाशी जाऊन वाकल्या. "अग बाई! अकरा वर्षं हा तक्ता इथे आहे, मला माहीतच नव्हतं!" आणि त्या हसायला लागल्या. "सूज उतरलीय, आजोबा. साखरही आटोक्यात आहे. असंच चालू ठेवा, आणि खुशाल कामाला जा."

काका बायकोकडे वळले आणि सगळ्यांसमोर, दवाखान्यात, त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "तू वाचवलेस गं माझे डोळे," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "सोडा, लोक बघतायत!" पण हात त्यांनी काढून घेतले नाहीत.

मंडळी, तुमच्याही घरात कुणी साठीचं असेल. त्यांचं वय झालं म्हणून त्यांच्या ताटातली ताकद काढून घेऊ नका. अंडं, मासा, मांस सोसत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर पोटभर वाढा. खाणं बदलायला कुठलंच वय उशिराचं नसतं! आणि पाकीट घ्यायचंच झालं तर पुढच्या ठळक अक्षरांवर भुलू नका. ती विकण्यासाठी असतात. मागची बारीक असतात ती आपल्यासाठी. ज्यांना ती दिसत नाहीत, त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांना ती वाचून दाखवा.