डॉक्टर तौफिकला जे म्हणाले

शहाद्यात हलीमाला तिच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्या गल्लीची ती आपा. आई गेली तेव्हा तौफिक नुकता रांगायला लागला होता. हलीमा स्वतः शाळकरी पोर. तिने दप्तर खुंटीला टांगलं ते कायमचं, आणि भावाला कडेवर घेतलं. पुढे कोरीटला लग्न झालं, पण नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचा चाळिसावा दिवस होताच तौफिक रिक्षा घेऊन दारात हजर.

"आपा, चल घरी. दुकान माझं नाही, तुझं आहे."

दुकान बापाच्या वेळचं, गाद्या-रजयांचं. कापूस आता मशीनवर पिंजला जातो. पण भरलेली गादी काठीने झोडून सारखी करायची आणि दाभणाने टाके घालत कडा बांधायच्या, हे हातानेच करावं लागतं. हलीमाच्या हाताला जी लय होती ती पगारी कारागिरांच्या हातात नव्हती. लगीनसराईत गिऱ्हाईकं गल्ल्यावर येऊन विचारत, "गादी आपाच्याच हातची ना?" तौफिक हसून मान डोलवायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी काठी उचलताना कळ यायची, मग ओढणी डोक्यावर घेताना. तिने कुणाला सांगितलं नाही. काम करणाऱ्याचं अंग दुखायचंच. पण तौफिकची बायको अंजुम एका घरात राहणारी. आपा डाव्या हाताने जेवण वाढतेय, केस विंचरताना ओठ दाताखाली धरतेय, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिने नवऱ्याला सांगितलं आणि तौफिक बहिणीला घेऊन नंदुरबारला हाडांच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर मन लावून तपासणारे होते. सोनोग्राफी झाली. मग शेजारच्या खोलीत निजवून त्यांनी खांद्यात इंजेक्शन दिलं. सुई आत जाताना हलीमाने मनातल्या मनात कलमा म्हटला. "पडून राहा थोडा वेळ," असं सांगून डॉक्टर आपल्या खोलीत गेले. सोबतच्या माणसाला काय ते समजावून दिलं की आपलं काम झालं, अशीच त्यांची पद्धत. दाराआडून तिला भावाचा आवाज येत होता. "हो सर. हो, हो सर."

"काय म्हणाले रे?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"नस सुजली होती. औषध थेट आतच सोडलंय. दोन दिवस जपायचं, मग नेहमीसारखं काम करायचं."

आणि खरंच, दोन-तीन दिवसांत दुखणं कुठल्या कुठे पळालं. हलीमाने दोन्ही हात वर करून वेणी घातली आणि तिला रडू आलं. त्या दिवशी नमाजानंतर भावासाठी तिने इतकी दुवा मागितली की अंजुम म्हणाली, "आमच्या वाटचं काही ठेवलंत का, आपा?"

त्याच सुमारास धडगावच्या एका वसतिगृहाचं मोठं काम दुकानाला मिळालं होतं. शाळा उघडायच्या आत सगळ्या गाद्या घाट चढून वर पोहोचायला हव्या होत्या. असं काम दुकानात आजवर आलं नव्हतं. हलीमा सकाळी बसायची ती दिवे लागेपर्यंत. काठी चालवायची, भरलेल्या गाद्या स्वतः ओढून थप्पीला लावायची. मधूनच अंजुम म्हणायची, "जरा दम घ्या." तौफिक मात्र कधी काही बोलला नाही. चहा आणून तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि नजर न मिळवता वळायचा. कामाच्या घाईत आहे बिचारा, असं तिला वाटायचं.

ऊन तापायला लागलं तसं दुखणं परत आलं. या वेळी तौफिक तिला नंदुरबारला न नेता शहाद्यातच एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथे कुणी फोटो काढला नाही की हात फिरवून पाहिला नाही. सुई मारली आणि पाठवून दिलं.

"त्या डॉक्टरांकडे का नाही गेलो?"

"इंजेक्शन तेच आहे, आपा. उगाच एवढ्या उन्हात एसटीचे धक्के कशाला?"

तेही तिला पटलं. भाऊ आपली काळजी करतो, यात न पटण्यासारखं काय होतं?

गाद्या ट्रकमध्ये चढवायच्या दिवशी एक गादी वरून घसरली. हलीमाने सवयीने हात वर करून तिला आधार दिला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं, ओलं कापड फाटावं तसं. हात खाली आला तो पुन्हा वर जाईना. ती डाव्या हाताने उजवा हात उचलून पाहायची. सोडला की तो आपला लोंबायचा.

आता नंदुरबारला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी नवा एमआरआय पाहिला, जुना कागद पाहिला आणि ते चिडले.

"बाई, स्नायूची दोरी अर्धी फाटलेली होती. इंजेक्शनने नुसती सूज आणि कळ थांबते, फाटलेलं शिवलं जात नाही. दोन महिने वजन उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही, आणि मला विचारल्याशिवाय दुसरं इंजेक्शन घ्यायचं नाही, असं बजावलं होतं मी. तुमच्या भावाला इथेच बसवून समजावलं होतं. आता पूर्ण तुटलीय ती."

हलीमाने मान वळवली. तौफिक भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी चोरी पकडली गेली की अशाच व्हायच्या. तिला कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

"त्याने सांगितलं होतं मला," ती डॉक्टरांना म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही. जन्मभर त्याच्यावर पांघरूण घालायची सवय; तोंडातून शब्द निघून गेले. पण ते निघाले त्याच क्षणी तिच्या आत काहीतरी थंड पडलं.

 घरी अंजुमला सगळं कळलं तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला. "मला ठाऊक असतं तर काठी हिसकावून घेतली असती," ती म्हणत राहिली. मग तिनेच आपाचे केस विंचरून दिले. तौफिक उंबऱ्यात उभा होता.

"आपा, मला वाटलं, एवढं काम पार पडलं की तुला आरामच देईन. बरं वाटत होतं ना तुला... म्हटलं, निभावून जाईल."

"तू मला सांगितलं असतंस ना," हलीमा म्हणाली, "की खांदा फाटलाय, पण काम अडलंय, तर मी तुझ्यासाठी तसाच फाडून घेतला असता. हसत. तू विचारलंच नाहीस. बैलाला तरी कुणी फसवून जुंपत नाही रे. त्याला जू दिसतं."

तो रडला. तिचा हात धरायला पुढे झाला, तर तो तोच लोंबणारा हात होता. त्याने मध्येच थांबून आपला हात मागे घेतला.

त्याच आठवड्यात ती कोरीटला निघून गेली. सासरचं घर बंद पडलं होतं, पण छप्पर शाबूत होतं. शेजारच्या दगूबाईने झाडून-सारवून दिलं. हलीमाला एका हाताने चूल पेटवताना बघून ती म्हणाली, "वो बहीण, तुन्हा भाऊ तं शहादाले मोठा दुकानदार शे ना?"

"शे," हलीमा म्हणाली, आणि फुंकणी उचलली.

ऑपरेशन पावसाळ्यात झालं. त्या वेळी तौफिक दवाखान्यात आला, धावपळ केली, व्हरांड्यात बसून राहिला. तिने त्याला हाकललं नाही. डबा आणला तर खाल्ला. पण डॉक्टर फेरीला आले आणि तौफिककडे वळून बोलू लागले, तेव्हा तिने गादीवरून मान उचलली.

"डॉक्टरसाहेब, माझ्याशी बोला. त्याला बाहेर जाऊ द्या."

तौफिक उठला. दार त्यानेच ओढून घेतलं.

डॉक्टर स्टूल ओढून तिच्या जवळ बसले. हात खांद्याच्या पातळीपर्यंत येईल, त्याहून वर जाईल असं वाटत नाही, काठीचं काम आता विसरा, असं त्यांनी सरळ सांगितलं. हलीमाने व्यायाम किती दिवस करायचा ते विचारलं, उशी कुठल्या कुशीला घ्यायची ते विचारलं. पोळ्या लाटता येतील का, हेही विचारलं. पोळ्या येतील, ते म्हणाले.

ईदला ती शहाद्याला जाते. अंजुमच्या हातचा शीरखुर्मा खाते, पोरांना जवळ घेते. तौफिकशीही बोलते, शेजाऱ्याशी बोलावं तसं, हवापाण्याचं, तब्येतीचं. एकदा त्याने धीर करून म्हटलं, "आपा, माफ केलंस ना?"

"माफ तर त्याच दिवशी केलं होतं," ती म्हणाली. "पण तू काही सांगितलंस की मी आता दुसऱ्याला विचारून बघते. त्याला काय करू?"

मग ती उठली. बसची वेळ झाली होती. तौफिक पिशवी घ्यायला वाकला, पण तिने डाव्या हाताने ती आधीच उचलली होती.