बत्तीस नाही, सोळा

"मोठा ब्रेकर बसवून द्या, एवढंच सांगतेय," रुसीनाबाई म्हणाल्या. "हीटर चालू असताना ओव्हन लावला की पडतो मेला. दिवसातून चार वेळा जिन्यात जाऊन वर करायचा."

वांगेल खाली बसून गालिचा उचलत होता. गालिच्याखालून हीटरची एक्स्टेन्शन वायर गेली होती. मधोमध ती तपकिरी पडली होती, बोटाला मऊ लागत होती. खालच्या लाकडी फळीवर तिचा काळसर डाग उमटला होता.

"तो पडतो म्हणून तुम्ही धडधाकट आहात, बाई. भिंतीतली तार ॲल्युमिनियमची, पन्नास वर्षांची. सोळा अँपिअरच्या वर तिला सोसत नाही. बत्तीसचा बसवला तर ब्रेकर पडणार नाही, तार जळेल."

"मिल्को म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे."

"मिल्को नळ दुरुस्त करतो. त्याला नळच करू द्या."

पेर्निक शहरातल्या या पाच मजली इमारतीची वीज वांगेल चाळीस वर्षं सांभाळत होता. कोणत्या घरात कोणती तार कुठे वळते, ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. रुसीनाबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जिन्यातली पेटी उघडली. रुसीनाबाईंच्या लाइनवर कोरा करकरीत बत्तीसचा ब्रेकर होता. त्याने मेन स्विच बंद केला, खटपट करून तो ब्रेकर काढला, खिशात टाकला आणि त्यांचं दार वाजवलं.

"माझ्या घरात अंधार करायचा अधिकार कोणी दिला तुम्हाला?" त्या दारातच कडाडल्या.

"तुमच्या वरच्या घरात यानाची दोन लेकरं झोपतात. त्यांनी."

रुसीनाबाईंनी एकवार छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि मी थंडीत कुडकुडू?"

"हीटरला वेगळी लाइन टाकतो. तांब्याची, थेट पेटीपासून. जुन्या लाइनवर सोळाचाच राहील. दोन दिवस लागतील."

"तुम्हाला?" त्यांची नजर त्याच्या उजव्या हातावर गेली आणि लगेच बाजूला वळली. "म्हणूनच तर मिल्कोला बोलावलं, वांगेलदादा. तुम्हाला त्रास नको म्हणून."

वसंत ऋतूपासून त्याचा हात थरथरत होता. साऱ्या इमारतीला ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. वांगेलने हात खिशात घातला.

"तार ओढता येते," तो अखेर म्हणाला. "बारीक स्क्रू नीट आवळता येत नाहीत आता."

"मग ते मी आवळते. तुम्ही सांगा कसे."

दोन दिवस त्यांनी काम केलं. मेन बंद आहे ना, हे तो दर वेळी टेस्टर लावून पाहायचा. मगच त्यांना हात लावू द्यायचा.

"अजून पाव फेरा. ढिला राहिला की तिथंच तापतो."

"वर्गात मी मुलांना इतकं टोकलं असतं, तर पालक दारात आले असते."

"येऊ देत. पाव फेरा."

तिसऱ्या दिवशी दुपारी हीटर भिंतीवरच्या नव्या सॉकेटला लागला. ओव्हनमध्ये चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा फुगत होती. वांगेल अर्धा तास नव्या तारेवर तळहात टेकून बसला. तार गार होती. ब्रेकर जागचा हलला नाही. रुसीनाबाईंनी जुन्या एक्स्टेन्शनचे कात्रीने तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले, म्हणजे पुन्हा मोह नको.

तेवढ्यात वरची याना दारात आली. "दादा, आमच्याही एका सॉकेटला हात लावला की गरम लागतं. बघाल का?"

"तिथलं काही वापरू नकोस. आलोच." तो उठला, आणि मग थांबला. "आम्ही दोघं येतो."

चाळीस वर्षांत त्याने हत्यारांची पिशवी कुणाला उचलू दिली नव्हती. ती त्याने पुढे केली. रुसीनाबाईंनी ती खांद्याला अडकवली, कठडा धरला आणि पायऱ्या चढू लागल्या. वांगेल मोकळ्या हातांनी त्यांच्या मागून निघाला.