दोन दिवसांपुरती आत्या

लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. कुठे लिफ्ट अडकली की हा भरल्या ताटावरून उठून पळणार. आत अडकलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे खरंच. पण बायको गेल्यावर घरात जो एक मुलगा उरला होता, तोही कोणाची तरी वाट बघत असेल, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. सोळाव्या वर्षी मुलाने दोन मित्रांबरोबर मोबाईलच्या दुकानाचं शटर उचकटलं, तेव्हा कुठे मिस्त्रीचे डोळे उघडले. तोवर मुलगा पोलिसांच्या हातून निरीक्षणगृहात जाऊन पडला होता.

वकिलाने धीर दिला. मुलांचं कोर्ट त्याला घरी सोडेल, पण आधी एक अधिकारी बाई घर बघायला येतील. पोरावर लक्ष ठेवायला कोणी आहे का, हे त्या बघणार. घरात बाईमाणूस असलं की निम्मं काम होतं, असं वकील जाता जाता बोलून गेला आणि मिस्त्रीने ते मनावर घेतलं.

त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावात एकटी राहून शाळांचे गणवेश शिवायची. दोन दिवस ये आणि इथेच राहते असं सांग, असा त्याने तिला फोन केला. तिने त्याला भरपूर ऐकवलं. वहिनीच्या आजारपणात तिला बोलावून घेतलं होतं, त्यानंतर हा एकदाही फिरकला नव्हता. गरज सरो, वैद्य मरो, हा त्याचा जुनाच खाक्या. तरी मशीन झाकून ती आली. भावासाठी नाही, भाच्यासाठी आले, हे तिने दारातच सांगून टाकलं.

तिने घर घासूनपुसून लख्ख केलं. दोरीवर तिचे कपडे आले, आरशापुढे कंगवा आला, गॅसवर काहीतरी शिजायला लागलं. मिस्त्री दाराशी उभा राहून बघत राहिला. खोटं सांगण्यासाठी मांडलेलं ते घर त्याला फार आवडलं, आणि इतकी वर्षं आपण कशात राहत होतो, असं त्याच्या मनात आलं.

अधिकारी बाई वयस्कर होत्या, मवाळ बोलायच्या. मुलाने शाळा का सोडली, संध्याकाळी तो काय करतो, जेवतो कधी, असं त्या विचारत गेल्या. प्रत्येक प्रश्नाला मिस्त्री बहिणीकडे बघायचा आणि उत्तर तीच द्यायची. गणित जमेना आणि वर्गात सगळे हसले, म्हणून शाळा सुटली. जेवायला बापासाठी थांबतो, मग गार झालेलं एकटाच खातो. घर शांत असलं की त्याला भीती वाटते, म्हणून टीव्ही चालूच ठेवतो. बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"हे सगळं तुम्हाला तो कधी सांगतो?" बाईंनी विचारलं.

"रोज रात्री फोन करतो ना मला."

एका घरात राहणाऱ्याला फोन कशाला करावा लागेल? मिस्त्रीने डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पण बहिणीला आता खोटं रेटवेना.

"मी इथे राहत नाही," ती म्हणाली. "पण तो माझ्याकडे आला, तर मी दिवसभर घरातच असते."

बाई गेल्यावर मिस्त्री बहिणीवर उखडला. तुला मूलबाळ नाही, म्हणून माझ्या पोरावर डोळा ठेवून होतीस, इतकं बोलला. मूल हवं होतंच, असं तिने सरळ कबूल केलं, पण फोन तो करायचा, मी नाही, म्हणाली.

कोर्टात न्यायाधीशांनी अधिकारी बाईंचं मत वाचून दाखवलं: मुलाला आत्याकडे द्यावं. मग बापाची हरकत आहे का, ते विचारलं. मिस्त्री उठला. संध्याकाळनंतरची कामं घेणार नाही, वेळ पडली तर धंदा बदलीन, पण पोराला सांभाळीन, असं तो म्हणाला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला आणि बोलता बोलता त्याचा हात खिशाकडे गेला.

मुलगा त्या हाताकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असंच होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते बघून मिस्त्रीने हात मागे घेतला.

"हरकत नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

बसस्टँडवर आत्या पिशव्या घेऊन आधी चढली. मुलगा खाली रेंगाळला. बापाशी काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे, आजही सुचत नव्हतं.

"बाबा, आता रात्री तुम्हाला फोन करीन," तो म्हणाला. "उचलाल ना?"

मिस्त्रीला या पोराशी आता खोटं बोलायचं नव्हतं. नक्की उचलीन ना, हे तो मनाशी ताडून पाहत राहिला. त्याचं हो ओठांवर येईपर्यंत मुलगा मान हलवून बसमध्ये चढला होता.